स्वस्त जेनेरिक औषधे: विश्वास ठेवावा का, आणि पाकिटावर काय पाहावे?

रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड यांच्या गोळ्या रोज घ्याव्या लागतात. एकाच घरात दोन-तीन जणांना त्या सुरू असतील तर महिन्याचे औषधांचे बिल किराण्याच्या बिलाएवढे होते. मग कोणीतरी सुचवते, "जनऔषधीत जा, निम्म्याहून कमी पैशांत मिळेल." तुम्ही जाता. हातात साधी पट्टी पडते, नाव अनोळखी, मागे पत्ता हिमाचल प्रदेशातला. मनात शंका येते: इतके स्वस्त कसे? हे नक्की काम करेल ना? कुठे बनलेय कोण जाणे!

ही शंका अडाणीपणाची नाही. पण तिचे उत्तर न शोधता बरेच जण तिसराच मार्ग धरतात. महाग गोळी परवडत नाही, स्वस्त गोळीवर विश्वास नाही, म्हणून गोळी एक दिवसाआड घेतात किंवा "बरे वाटतेय" म्हणून बंदच करतात. रक्तदाब आणि साखर वाढलेली असतानाही बहुतेक वेळा काही जाणवत नाही. ती वाढ कळते तेव्हा अनेकदा पक्षाघात, हृदयविकाराचा झटका किंवा मूत्रपिंडाचा आजार झालेला असतो. म्हणून हा विषय नीट समजून घेणे गरजेचे आहे.

जेनेरिक औषध म्हणजे नेमके काय?

प्रत्येक औषधात एक मुख्य घटक असतो. अॅम्लोडिपिन, मेटफॉर्मिन, अॅटोर्व्हास्टॅटिन ही अशा घटकांची नावे आहेत. नवे औषध शोधणाऱ्या कंपनीला त्यावर ठरावीक वर्षे पेटंट मिळते. ती मुदत संपली की इतर कंपन्याही तोच घटक, तेवढ्याच मात्रेत बनवू शकतात. त्या औषधाला जेनेरिक म्हणतात.

भारतात १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या घटकाला नव्हे, तर ते बनवण्याच्या पद्धतीला पेटंट देण्याचे धोरण ठेवले. त्यामुळे आपल्या कंपन्यांनी वेगळ्या पद्धतीने तीच औषधे बनवली आणि किमती खाली आल्या. २००५ पासून घटकालाही पेटंट मिळू लागले. पण रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, आम्लपित्त यांची आपण रोज वापरतो ती बहुतेक औषधे जुनी आहेत आणि त्यांची पेटंट कधीच संपलेली आहेत.

म्हणजे तुम्ही मेडिकलमधून जो प्रसिद्ध "ब्रँड" आणता, तोही बहुधा जेनेरिकच असतो, फक्त कंपनीने त्याला स्वतःचे नाव दिलेले असते. आपल्या बाजारात साधारण तीन प्रकार दिसतात:

• ब्रँडेड जेनेरिक: कंपनीचे नाव दिलेले. कंपनीचे प्रतिनिधी डॉक्टरांना भेटून त्याची माहिती देतात.
• जनऔषधी केंद्रातले औषध: घटकाच्या नावानेच विकले जाते.
• ट्रेड जेनेरिक: डॉक्टरांकडे प्रचार न करता कंपनी थेट दुकानदाराला विकते.

तिसऱ्या प्रकाराबाबत सावध राहा. त्याच्या पाकिटावरची एमआरपी ब्रँडइतकीच असू शकते, दुकानदाराला मात्र ते फार कमी भावात पडते. म्हणून "जेनेरिक आहे, ३० टक्के सूट" ऐकून समाधान मानू नका. हातात द्यावी लागणारी रक्कम जनऔषधीतल्या किमतीशी ताडून पाहा.

इतके स्वस्त का? दर्जा कमी म्हणून का?

स्वस्त असण्याची मुख्य कारणे दर्जाशी संबंधित नसतात. नव्या शोधाचा खर्च जेनेरिक कंपनीला करावा लागत नाही. प्रचार, प्रतिनिधी, नमुने, आकर्षक पाकीट हा खर्च वाचतो. सरकारी योजनेत खरेदी मोठ्या प्रमाणावर आणि निविदा काढून होते.

जनऔषधी योजना २००८ साली सुरू झाली. आज तिचे नाव प्रधानमंत्री भारतीय जनऔषधी परियोजना असे आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये देशातले दहा हजारावे केंद्र सुरू झाले आणि पुढे ही संख्या पंधरा हजारांवर गेली. तिथली औषधे ब्रँडच्या तुलनेत साधारण ५० ते ८० टक्के स्वस्त असतात. योजनेच्या नियमांनुसार खरेदी जागतिक आरोग्य संघटनेच्या उत्पादन निकषांचे प्रमाणपत्र असलेल्या कंपन्यांकडूनच होते आणि प्रत्येक बॅच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून मगच केंद्रांना पाठवली जाते.

हिशेब करून पाहा. समजा तुमचे महिन्याचे बिल ९०० रुपये आहे आणि तीच औषधे जनऔषधीत २५० रुपयांना मिळाली. महिन्याला ६५० आणि वर्षाला ७,८०० रुपये वाचले. त्यात वर्षभराच्या रक्त तपासण्या आणि डोळ्यांची तपासणी आरामात होते. मधुमेहात या तपासण्या गोळ्यांइतक्याच गरजेच्या आहेत.

"तेवढाच परिणाम" हे कसे ठरवतात?

गोळीत घटक तेवढाच आहे एवढे पुरेसे नाही. तो पोटात विरघळून रक्तात तेवढाच आणि तेवढ्याच वेगाने गेला पाहिजे. हे तपासण्यासाठी निरोगी स्वयंसेवकांना एकदा मूळ औषध आणि एकदा जेनेरिक देऊन रक्तातले प्रमाण मोजतात. याला जैवसमतुल्यता चाचणी म्हणतात. जे घटक पाण्यात नीट विरघळत नाहीत, त्यांच्या तोंडावाटे घ्यायच्या औषधांना भारतात उत्पादन परवान्यासाठी ही चाचणी एप्रिल २०१७ पासून बंधनकारक झाली.

या चाचणीत "८० ते १२५ टक्के" अशी मर्यादा असते. ती ऐकून काहींना वाटते की जेनेरिक गोळीत ८० टक्केच औषध असते. तसे नाही. दोन औषधांच्या रक्तातल्या प्रमाणाची सरासरी आणि त्यातली संभाव्य चूक, दोन्ही धरून सगळा हिशेब या पट्ट्यात बसावा लागतो. त्यामुळे प्रत्यक्षातला फरक यापेक्षा खूप कमी असतो. गोळीत घटक किती असावा याची मर्यादा भारतीय औषधकोशात वेगळी दिलेली असते आणि ती ब्रँड व जेनेरिक दोघांना सारखीच लागू आहे.

मात्र हेही खरे आहे की २०१७ पूर्वी परवाना मिळालेल्या अनेक जुन्या औषधांची अशी चाचणी झालेली नाही. ब्रँडेड जेनेरिकही याला अपवाद नाहीत. म्हणून केवळ ब्रँड आहे म्हणून चाचणी झालीच असेल असे समजू नका.

"कुठे बनले?" या प्रश्नाचा खरा अर्थ

पाकिटावर बद्दी, सोलन, हरिद्वार किंवा सिक्कीम असा पत्ता पाहून अनेक जण बिचकतात. २००३ साली केंद्र सरकारने हिमाचल प्रदेश आणि उत्तराखंडमधल्या नव्या उद्योगांना करसवलती दिल्या. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनीही तिथे कारखाने उभारले. आज तुमच्या महागड्या ब्रँडच्या पाकिटावरही बहुधा तिथलाच पत्ता सापडेल. घरातल्या सगळ्या पट्ट्या उलटून एकदा पाहाच.

आणखी एक गोष्ट. "मार्केटेड बाय" आणि "मॅन्युफॅक्चर्ड बाय" या दोन ओळी वेगळ्या असतात. पहिली विकणाऱ्याची, दुसरी बनवणाऱ्याची. एकच कारखाना पाच-सहा कंपन्यांसाठी तेच औषध बनवतो, हे या व्यवसायात नेहमीचे आहे. मार्च २०२१ पासून औषधाच्या दर्जासाठी विकणाऱ्या कंपनीलाही कायद्याने जबाबदार धरले जाते.

गोळी ज्या कच्च्या औषधापासून बनते त्याचाही प्रवास असतो. आपल्या अहिल्यानगरच्या एमआयडीसीत सन फार्माचा असे कच्चे औषध बनवणारा कारखाना आहे. १९९६ साली कंपनीने तो नॉल या कंपनीकडून घेतला. दौंडजवळच्या कुरकुंभ एमआयडीसीतही असे कारखाने आहेत. पिंपरीचा हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ साली पेनिसिलिन बनवण्यासाठी उभा राहिला. असे असूनही आज भारतीय औषध कंपन्या कच्च्या मालाचा मोठा भाग चीनमधून आणतात, ब्रँड बनवणाऱ्याही आणि जेनेरिक बनवणाऱ्याही. म्हणून "ब्रँड घेतला म्हणजे माल देशी" हा समज चुकीचा आहे.

थोडक्यात, गावाच्या नावावरून दर्जा ठरत नाही. त्या कारखान्यात निकष पाळले जातात का आणि बाहेर पडणारी प्रत्येक बॅच तपासली जाते का, यावर तो ठरतो. कारखान्यांसाठीचे हे निकष औषध नियमांच्या परिशिष्ट एम मध्ये दिलेले आहेत. केंद्र सरकारने ते डिसेंबर २०२३ मध्ये अधिक कडक केले.

भीती अगदीच निराधार आहे का?

नाही. महाराष्ट्राने याची किंमत मोजलेली आहे. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीन दिल्याने १४ रुग्ण दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंड निकामी करणारे औद्योगिक रसायन होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. जवळपास चाळीस वर्षांनी, २०२५ मध्ये, मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा परिसरात खोकल्याच्या कोल्ड्रिफ या औषधामुळे वीसहून अधिक बालके गेली. त्यातल्या अनेकांवर नागपुरात उपचार सुरू होते. विष तेच होते. आणि कोल्ड्रिफ हे ब्रँड नाव होते, हे लक्षात घ्या.

दुसरे उदाहरण बनावट औषधाचे. नागपूर जिल्ह्यातल्या सरकारी आरोग्य केंद्रातून मार्च २०२३ मध्ये सिप्रोफ्लॉक्सासिन गोळ्यांचा नमुना घेतला गेला. तपासणीत गोळ्यांमध्ये औषधच नसल्याचे आढळले. पाकिटावर गुजरातमधल्या ज्या कंपनीचे नाव होते, तशी कंपनीच अस्तित्वात नसल्याचे अन्न व औषध प्रशासनाला तपासात दिसले.

इथे दोन शब्दांतला फरक समजून घ्या. "अप्रमाणित" म्हणजे खऱ्या कंपनीचे औषध एखाद्या चाचणीत कमी पडले, उदाहरणार्थ गोळी वेळेत विरघळली नाही. "बनावट" म्हणजे दुसऱ्याच्या किंवा खोट्या नावाने केलेली फसवणूक. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना दर महिन्याला अशा औषधांची यादी आपल्या संकेतस्थळावर देते. ऑगस्ट २०२४ च्या यादीत नावाजलेल्या ब्रँडच्या नावाचे नमुनेही होते. त्यातल्या काहींबाबत कंपन्यांनी "ते आमचे नव्हेत, बनावट आहेत" असे सांगितले. बनावट माल करणारा खपणाऱ्या नावाचीच नक्कल करतो. म्हणून जास्त पैसे मोजले की आपण सुरक्षित, असे नाही. आपली सुरक्षितता अधिकृत दुकान, पक्के बिल आणि पाकिटावरची माहिती यांत आहे.

औषध घेताना काय पाहाल?

१. घटकाचे नाव आणि मात्रा. ब्रँडच्या नावापेक्षा घटकाचे नाव मोठ्या अक्षरांत छापण्याचा नियम आहे. चिठ्ठीतला घटक आणि मिलिग्रॅम जुळतात का ते पाहा.

२. नावापुढची अक्षरे. एसआर, ईआर, एक्सआर म्हणजे हळूहळू विरघळणारी गोळी. साधी मेटफॉर्मिन आणि मेटफॉर्मिन एसआर एकमेकींच्या जागी परस्पर घेऊ नका. अशी गोळी चावू नका, कुटू नका.

३. उत्पादकाचे नाव, पूर्ण पत्ता, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाची व मुदत संपण्याची तारीख. यातले काही नसेल, खाडाखोड असेल किंवा वर दुसरे लेबल चिकटवलेले असेल तर घेऊ नका.

४. क्यूआर कोड. १ ऑगस्ट २०२३ पासून बनलेल्या ३०० ठरावीक ब्रँडवर तो बंधनकारक आहे. मोबाइलने स्कॅन केल्यावर दिसणारा बॅच क्रमांक आणि पाकिटावरचा क्रमांक जुळला पाहिजे.

५. पक्के बिल. त्यावर औषधाचे नाव, बॅच क्रमांक आणि मुदत हवी. पुढे तक्रार करायची वेळ आली तर हाच तुमचा पुरावा.

६. सुट्या गोळ्या. पूर्ण पट्टी नको असेल तर बॅच आणि मुदत छापलेली बाजू मागून घ्या. ते शक्य नसेल तर मोबाइलवर तिचा फोटो काढा.

७. "विक्रीसाठी नाही" असे छापलेली औषधे पैसे देऊन घेऊ नका. ती डॉक्टरांचे नमुने किंवा सरकारी पुरवठा असतो.

औषध घरी आणल्यावरही काळजी घ्या. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशी पार करतो. पत्र्याच्या घरात, गॅसजवळच्या फळीवर किंवा गाडीच्या डिकीत चांगली गोळीही खराब होते. कोरड्या, सावलीच्या जागी ठेवा. इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवा, पण बर्फाच्या कप्प्यात नाही.

बदल कसा करावा?

दुकानदाराने चिठ्ठीतल्या ब्रँडऐवजी परस्पर दुसरे औषध देणे, परिशिष्ट एच मधल्या म्हणजे चिठ्ठीशिवाय न मिळणाऱ्या औषधांबाबत, नियमांत बसत नाही. म्हणून डॉक्टरांनाच सांगा, "डॉक्टर, घटकाचे नाव लिहून द्या, मला जनऔषधीतून घ्यायचे आहे." यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. जेनेरिक नावे सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत असे डॉक्टरांच्या आचारसंहितेतच २०१६ पासून म्हटले आहे.

मग पुढची काळजी:

• जुनी पट्टी घेऊन जा आणि घटक व मात्रा जुळवून घ्या.
• जुनी आणि नवी गोळी एकत्र घेऊ नका. ही चूक नेहमी दिसते. आजोबांकडे ब्रँडची पट्टी शिल्लक असते, मुलगा जेनेरिक आणून देतो, रंग वेगळा म्हणून आजोबा दोन्ही घेतात. रक्तदाबाची दुप्पट गोळी म्हणजे चक्कर, मधुमेहाची दुप्पट गोळी म्हणजे साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली. बदल केल्या दिवशीच जुनी पट्टी बाजूला काढा.
• दोन ते चार आठवड्यांनी रक्तदाब, तसेच उपाशीपोटी व जेवणानंतरची साखर तपासा. तीन महिन्यांनी एचबीएवनसी करा. आकडे पूर्वीसारखे असतील तर औषध काम करतेय. ते आकड्यावरून ठरवा, गोळीच्या रंगावरून किंवा पाकिटावरून नको.
• आकडे बिघडले तर आधी पाहा: गोळ्या चुकल्या का, खाण्यात बदल झाला का, मधे आजारपण आले का? मग डॉक्टरांना भेटा. गोळ्या स्वतःहून बंद करू नका.

कोणी परस्पर बदल करू नये?

काही औषधांत रक्तातल्या प्रमाणात थोडा फरक पडला तरी त्रास होतो. फिट्सची औषधे (फेनिटॉइन, कार्बामाझेपिन), रक्त पातळ करणारे वॉरफरिन, थायरॉइडचे थायरॉक्सिन, लिथियम, डिगॉक्सिन, अवयव प्रत्यारोपणानंतरची टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन ही त्यातली नेहमीची. यात जेनेरिक वाईट असे नाही, पण एकदा जे चालू केले ते शक्यतो त्याच कंपनीचे ठेवावे. बदलायचेच असेल तर डॉक्टरांना विचारून, आणि त्यानंतर तपासणी करून: थायरॉक्सिनसाठी सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच, वॉरफरिनसाठी लवकर आयएनआर. फिट्स नियंत्रणात असलेल्या रुग्णाने केवळ पैशांसाठी परस्पर बदल करू नये. इन्सुलिनचा प्रकार आणि ब्रँडही डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका.

पैसे वाचवण्याचे आणखी मार्ग

प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालयात रक्तदाब व मधुमेहाची नेहमीची औषधे मिळतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. गावाजवळचे जनऔषधी केंद्र आणि तिथल्या किमती "जनऔषधी सुगम" या मोबाइल अॅपवर दिसतात. तालुक्याला आठवडे बाजारासाठी जाणे होतच असेल तर दोन महिन्यांचा साठा एकदम आणा. केंद्रात एखादे औषध संपलेले असू शकते, म्हणून शेवटच्या आठ-दहा गोळ्या उरल्या की निघा.

राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत (२०२२ च्या यादीत ३८४ औषधे आहेत) असलेल्या औषधांची कमाल किंमत सरकार ठरवते. छापील किमतीपेक्षा जास्त कोणी मागत असेल तर ते बेकायदेशीर आहे.

शंका आली तर

गोळी भुगा होतेय, रंग बदललाय, नेहमीच्या औषधाचा अचानक परिणाम दिसत नाही किंवा नवा त्रास सुरू झालाय, तर पट्टी फेकू नका. उरलेल्या गोळ्या, पाकीट आणि बिल जपून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. पर्यायी औषध घेऊन उपचार सुरू ठेवा.

• अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र: १८००-२२२-३६५. जिल्ह्याच्या कार्यालयातही लेखी तक्रार करता येते.
• औषधाचा दुष्परिणाम कळवण्यासाठी: १८००-१८०-३०२४
• जनऔषधीबाबत तक्रार: १८००-१८०-८०८०

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० च्या कलम २६ नुसार ग्राहकही ठरलेले शुल्क भरून आपण घेतलेले औषध सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो.

लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधाबाबत वेगळे सांगतो. दोन वर्षांखालील बाळाला खोकला-सर्दीचे सिरप दुकानातून विचारून देऊ नका, मग ते ब्रँडचे असो वा जेनेरिक. आणि कुठलेही सिरप दिल्यावर मुलाची लघवी कमी झाली, उलट्या सुरू झाल्या किंवा मूल सुस्त पडले, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या आणि बाटली सोबत घ्या.

शेवटी एवढेच: रोज वेळेवर घेतलेली स्वस्त गोळी कपाटात राहिलेल्या महाग गोळीपेक्षा कितीतरी चांगली. पुढच्या भेटीला येताना घरातल्या सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या आणि विचारा, यातल्या कोणत्या जनऔषधीतून घेतल्या तर चालतील? बहुतेकांच्या पिशवीत अशा दोन-तीन तरी निघतात.

(ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. औषध सुरू करणे, बदलणे किंवा थांबवणे हे तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करा.)